चोळायचं न्हाई, टिपायचं

हॉलमधला टीपॉय जागेवरून हललाय, हे हरणाबाईंना दार उघडल्या उघडल्या कळलं. एरवी शनिवारी त्या भजनाहून पाचशिवाय परतायच्या नाहीत. पण पेटी वाजवणाऱ्या बाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, भजन रद्द झालं, आणि विश्रामबागेतून रिक्षा करून त्या तीनलाच घरी आल्या. सुनेच्या चपला दारात होत्या. शिवांजली कॉलेजात वाणिज्य शिकवायची, सोमवारी आणि शनिवारी तिला अर्धा दिवस असे. तिची पर्स सोफ्यावर पडली होती आणि तिच्या खोलीचं दार बंद होतं. इथवर काही वावगं नव्हतं. पण टीपॉय बाल्कनीच्या अंगाला सरकला होता, त्याचा एक पाय गालिच्याच्या झालरीवर आला होता, आणि शिवांजली वस्तू अशा तिरप्या ठेवणारी नव्हती. हरणाबाईंनी तो कमरेनं ढकलून परत मध्ये आणला आणि त्याखालचं त्यांना दिसलं. दुधावरच्या सायीच्या रंगाचा तो गालिचा जयराजनं, त्यांच्या मुलानं, कंपनीच्या सहलीवरून मोठ्या हौसेनं आणला होता. त्यावर तळहाताएवढा, जांभळट तांबडा, अजून ओला असा डाग होता.

त्या गुडघ्यावर हात ठेवून खाली बसल्या. बोट लावलं, नाकाजवळ नेलं. कोकम नव्हतं. वास ओळखीचा होता आणि नव्हताही. त्यांचं माहेर तासगावकडचं. अवकाळी झाली की बागेत घड खाली गळायचे, चिखलात दोन दिवस पडून राहायचे, मग तिसऱ्या दिवशी सगळ्या शिवारावर एक आंबूस, गोडसर वास दाटून यायचा. वडील त्या वासानं जेवायचे नाहीत. तो वास इथं, सांगलीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटमध्ये, पंख्याखाली आला होता. आणि त्याच्या पोटात दुसरा एक वास होता. त्याची ओळख पटायला हरणाबाईंना काही वेळ लागला नाही. तीस वर्षं त्या वासाशेजारी झोपल्या होत्या त्या. त्यांनी बंद दाराकडे पाहिलं. आतून कसलाही आवाज नव्हता. मग त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि जुन्या सुती लुगड्याचं फडकं, मीठ आणि माठातलं गार पाणी घेऊन आल्या. आपण हे का करतोय, असा प्रश्न त्यांच्या मनात आला नाही. हातांना ते काम ठाऊक होतं. मन नंतर आलं.

तांबडं कधी गरम पाण्यात घालायचं नाही, हे त्यांना सासूनं शिकवलं होतं, पण खरं शिकवलं ते सयाजीरावांच्या शेवटच्या दोन वर्षांनी. सयाजीराव त्यांचे मालक, फौजेतून हवालदार होऊन घरी आलेले. कोरेगावजवळच्या गावात त्यांच्या शिस्तीचं नाव होतं. पांढरा सदरा, कडक इस्त्री, मिशीला पीळ. कँटीनमधून महिन्याची रम यायची ती पंधरा दिवसांत संपायची, मग बाकीचे पंधरा दिवस कुठून कुठून यायचं ते हरणाबाईंनी कधी विचारलं नाही. त्या धूत राहिल्या. ओकलेल्या चादरी, भिजलेली धोतरं, शेवटी शेवटी रक्ताच्या गुळण्यांनी माखलेले उशीचे अभ्रे. शेजारीण उठायच्या आत सगळं दोरीवर वाळत घातलेलं असायचं. बायका म्हणायच्या, धुणं बघावं तर हरणाबाईंचं. त्याचा त्यांना अभिमान होता. जयराज तेव्हा साताऱ्याला वसतिगृहात शिकायला. सुट्टीत घरी आला की त्याला पांढऱ्याशुभ्र सदऱ्यातला बाप दिसायचा, तोच त्याच्या डोक्यात बसला, आणि आता तोच इथं हॉलमध्ये भिंतीवर फ्रेममध्ये होता, छातीवर पदकं लावलेला.

मिठानं बराच रंग ओढून घेतला. फडकं चारदा बदललं. तरी एक फिकट वर्तुळ राहिलंच. तेव्हा हरणाबाईंनी घाईत खायचा सोडा भुरभुरला, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ते वर्तुळ तांबड्याचं निळं झालं, मुका मार लागल्यावर कातडी होते तसं. त्या घाबरल्या. टीपॉय पुन्हा त्यावर सरकवला. संध्याकाळी शिवांजली बाहेर आली, तोंड धुऊन, केस विंचरून. तिनं चहा केला, सासूला कप दिला, टीपॉयकडे बघितलं नाही. टीपॉय तिनं ठेवला होता त्यापेक्षा वीतभर अलीकडे होता. हरणाबाईंनीही बघितलं नाही. दोघींनी बातम्या लावल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या नाथाजीच्या लॉन्ड्रीत गेल्या. नाथाजी साठीचा, उभ्यानं इस्त्री करून पाय सुजलेला माणूस. घरात पाव्हण्यांच्या हातून द्राक्षाचा रस सांडला, असं त्यांनी त्याला सांगितलं. सोड्यानं निळं पडल्याचंही सांगितलं. नाथाजीनं इस्त्री उभी केली, पण वर पाहिलं नाही.

“रस न्हवं त्यो, मावशी,” तो हळूच म्हणाला. “असू द्या. आमाला काय करायचंय. लगीनसराईत हॉटेलांची टेबलक्लॉथं येत्यात माज्याकडं, रोजचंच हाय. त्येला आंबट लागतंय. व्हिनेगर आन भांड्याच्या साबनाचे दोन थेंब, गार पान्यात. आन चोळायचं न्हाई, टिपायचं. चोळलं की खाली जातंय, मुळात. मग जनमभर निघत न्हाई.”

व्हिनेगर किराणा दुकानात मिळालं. निळं पुन्हा तांबूस झालं, मग गुलाबी, मग नुसती ओल राहिली. टिपायचं, थांबायचं, फडक्याची कोरी बाजू घ्यायची, पुन्हा टिपायचं. सिमेंट कंपनीत विक्रीचं काम करणारा जयराज गुरुवारी फिरतीवर जायचा तो सोमवारी दुपारी परतायचा. या सोमवारी तो आला, बूट काढून गालिच्यावर आडवा झाला, आणि म्हणाला की घरी आलं की कसं बरं वाटतं. शिवांजली ताट वाढत होती. मग तिनं सासूकडे पाहिलं. दीड वर्षात पहिल्यांदा तिनं तसं सरळ पाहिलं.

ते दीड वर्ष असं गेलं होतं की त्यावर कुणी बोलायचं नाही. सातव्या महिन्यात पोटातलं बाळ हलायचं थांबलं. घरी रक्त गेलं, धावपळ करून मिरजेला नेलं, आणि तिथं मुलगी झाली ती श्वास नसलेली. तिसऱ्या दिवशी शिवांजलीला घरी आणलं. महिन्याभरानं ती कामावर गेली. साताऱ्याहून तिची आई येऊन राहून गेली. लोक म्हणाले वय आहे, होईल. जयराजनं हॉलचा रंग बदलून घेतला, नवे पडदे लावले, मग हा गालिचा आणला. आणि हरणाबाईंना वाटलं, पोरगी धीराची आहे. रडत नाही, कुणाला काही बोलत नाही, वेळेवर जेवते. आता वाटत होतं की आपण तिच्याकडे बघितलंच नव्हतं. दारामागे ती किती शनिवार अशी बसली असेल? कधीपासून? बाटली कुठं ठेवत असेल? एवढे प्रश्न एकदम आले आणि हरणाबाईंनी ते एकेक करून बाजूला सारले, जशी त्यांची सवय होती.

पुढच्या शनिवारी भजन होतं. ते साडेचारलाच संपलं, पण हरणाबाई देवळाच्या पायरीवर पाऊण तास उगाच बसून राहिल्या. घरी आल्या तेव्हा डाग नव्हता. त्याच्या पुढच्या शनिवारी मात्र होता, आधीपेक्षा मोठा, आणि स्टीलचा पेला सोफ्याखाली आडवा झालेला. त्यांनी पेला घासून फडताळात ठेवला, आणि फडकं घेऊन बसल्या. असं अडीच महिन्यांत पाच वेळा झालं. दोघींमध्ये एक अक्षर बोलणं झालं नाही, पण सगळं ठरल्यासारखं होतं. शिवांजली सासूच्या रक्तदाबाच्या गोळ्या आठवणीनं आणायला लागली. त्यांच्या टाचांना पडलेल्या भेगांसाठी मलम आणलं. एकदा तर तिनं खाली बसून त्यांच्या पायाला ते लावून दिलं, मान वर न करता. हरणाबाईंना तेव्हा इतकं बरं वाटलं की नंतर त्यांना त्या बऱ्या वाटण्याचीच भीती वाटली. कारण सयाजीरावही असेच होते. धुतलेल्या चादरीवर सकाळी उठले की मऊ बोलायचे, हरणा म्हणायचे, परड्यातलं जाईचं फूल आणून द्यायचे. त्या फुलासाठी आपण धूत होतो की काय, असं त्यांच्या मनात आलं, आणि हातातलं फडकं तसंच गालिच्यावर दाबलेलं राहिलं.

तो डागाचा पाचवा शनिवार होता. बाहेर कुणीतरी बुलेट सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. हरणाबाईंना मिरजेतला वॉर्ड दिसायला लागला. सहा वर्षांपूर्वीचा. सयाजीरावांचे डोळे हळदीसारखे पिवळे, पोट फुगलेलं, हात बारीक. डॉक्टर तरुण होता. त्यानं विचारलं होतं, किती वर्षांपासून घेतात? पलंगाच्या पायथ्याशी जयराज उभा होता. आणि हरणाबाई म्हणाल्या होत्या, न्हाई, त्ये घेत न्हाईत. डॉक्टरनं त्यांच्याकडे बघितलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुन्हा विचारलं नाही. तेव्हा सयाजीरावांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं होतं. ती नजर हरणाबाईंनी सहा वर्षं जपून ठेवली होती. त्यांना वाटायचं, माणसानं जाताना आपले उपकार मानले. आज त्या गुडघ्यांवर बसल्या होत्या, फडक्यातून थंडगार ओल बोटांत चढत होती, आणि ती नजर त्यांना पुन्हा दिसली तर तिच्यात उपकार नव्हते. तिच्यात एक माणूस होता, आता तरी कुणीतरी सांगेल म्हणून वाट बघणारा. तीस वर्षं त्याची बायको त्याच्या मागून येऊन सगळं पुसत गेली होती, आणि त्याला मागं वळून बघायला काही उरलंच नव्हतं. हे खरं असेल, नसेलही. विचारायला तो नव्हता. हरणाबाई उठल्या तेव्हा त्यांचे पाय बधिर झाले होते, आणि डाग निघालेला होता.

सोमवारी जयराज आला. जेवण झालं, तो मोबाईल बघत गालिच्यावर लवंडला, आणि मग कोपरावर उठला. त्यानं हात फिरवला. पाच वेळा टिपून, भिजवून, वाळवून त्या जागेची लोकर दबली होती आणि तिचा सायीसारखा रंग जाऊन ती पांढरीफट्ट पडली होती. टीपॉयच्या पायाशी एक थाळीएवढा पांढरा गोल दिसत होता.

“आई, इथं काय झालंय?”

हरणाबाई भाजी निवडत होत्या. “कोकम सांडलं माज्या हातनं,” त्या म्हणाल्या. सहज म्हणाल्या. इतक्या सहज की त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

शिवांजली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हातात पुसायचं ताट होतं. ते तिनं ओट्यावर ठेवलं आणि ती बाहेर आली.

“कोकम नव्हतं,” ती म्हणाली. “वाइन होती. माझी. मी शनिवारी पिते. आता शनिवारीच असं नाही. सांडते ते आई पुसतात.”

जयराजला आधी ते समजलंच नाही. तो हसल्यासारखा झाला. मग त्यानं आईकडे पाहिलं, आणि आईच्या चेहऱ्यावर त्याला सगळं दिसलं. तो ओरडला नाही. उठून उभा राहिला, खिडकीपाशी गेला, परत आला. बोलला ते तुकड्या-तुकड्यांत, की आपण चार दिवस बाहेर उन्हातान्हात फिरतो ते कुणासाठी, की तिला काही कमी केलं का, की लोक काय म्हणतील, की कॉलेजात कळलं तर. आणि मग भिंतीकडे हात करून म्हणाला, की त्या माणसाच्या घरात, आबांच्या घरात हे व्हावं.

“तुझं आबा दारूनंच गेलं,” हरणाबाई म्हणाल्या.

मेथीची जुडी त्यांच्या मांडीवर होती. त्यांनी ती खाली ठेवली. एवढं एक वाक्य छातीतून वर यायला सहा वर्षं लागली होती, आणि आलं ते भाजी निवडता निवडता, दुपारच्या अडीच वाजता. आता पोरगा कोसळेल, किंवा आपल्याला खोटं ठरवेल, असं त्यांना वाटलं. जयराज सोफ्याच्या कडेवर बसला. बराच वेळ त्यानं गालिच्यावरच्या त्या पांढऱ्या गोलाकडे पाहिलं. शहरात राहून सुटलेली गावची बोली त्याच्या तोंडात आपोआप आली.

“मला ठावं हाय, आई. डॉक्टरनी मला भायेर नेऊन सांगितलं हुतं. तू न्हाई म्हनालीस, मग मी बी गप बसलो. म्हटलं तुला कळाय नको, मला कळलंय म्हनून.”

फ्रीज घरघरत होता, तो बंद झाला. हरणाबाईंना वाटलं आपण एका मोठ्या रिकाम्या दोरीखाली उभ्या आहोत आणि त्यावर वाळत घातलेलं सगळं कुणीतरी केव्हाच काढून नेलेलं आहे. मुलगा आईपासून लपवत होता, आई मुलापासून, आणि दोघं मिळून भिंतीवरच्या माणसाला इस्त्री करत होती.

“या घरात सगळं धुतलेलं असतं,” शिवांजली म्हणाली. ती भिंतीला टेकून खाली बसली होती, गालिच्याच्या बाहेर, उघड्या फरशीवर. तिचा आवाज चढला नव्हता. “मी दवाखान्यातून आले ना, तेव्हा पलंगावर पांढरी चादर होती. परीटघडीची. मी गेले तेव्हा गादीपर्यंत रक्त होतं. मला वाटलं होतं, निदान ते तरी असेल. ती टोपडी, ते मोजे, कपाटातला कप्पाच रिकामा. मी उशी उचलून बघितली, गादी उलटून बघितली. आई, तुम्ही एक ठिपका ठेवला नव्हता.”

हरणाबाईंना ती दुपार आठवली. मिरजेहून परत आल्यावर त्यांनी अंघोळ केली होती आणि मग तीन तास न्हाणीघरात बसून गादीची खोळ, चादर, दुपटं, सगळं धुतलं होतं. गार पाण्यात. पोरीला त्रास नको म्हणून. टोपडी, मोजे, झबली त्यांनी कामवाल्या पारूबाईंच्या हाती दिली होती. चांगलं केलं, असं सगळे म्हणाले होते. त्या काहीतरी बोलायला गेल्या, पण तुझ्यासाठीच केलं, हे जे तोंडाशी आलं होतं ते खरं असूनही बोलण्यासारखं नव्हतं.

“मला गुंगीत ठेवलं होतं,” शिवांजली म्हणाली. “नंतर विचारलं तर म्हणाले बघू नये, माया लागते. ह्यांनी पाहिलं नाही. माझ्या आईनं पाहिलं नाही. तुम्ही पाहिलंत. मला माहीत आहे तुम्ही पाहिलंत. दीड वर्ष मी तुमच्या तोंडाकडे बघते आणि तुम्ही चहा होईल का विचारता.” तिनं गुडघे पोटाशी घेतले. “कशी होती ती?”

हरणाबाई जागच्या उठल्या. गुडघे धरले होते, तरी त्या सुनेपाशी आल्या आणि तिच्याशेजारी भिंतीला पाठ लावून फरशीवर बसल्या. जयराज सोफ्यावरून हलला नाही. त्यानं फक्त डोकं हातांत घेतलं.

नर्सनं हिरव्या कापडात गुंडाळून दिली होती, असं त्यांनी सुरुवात केली. तुझा आप्पासो मामा गाडी चालवत होता, हे त्या जयराजकडे बघून म्हणाल्या. मिरजेपासून सांगलीच्या नदीघाटापर्यंत, मातीला नेताना, ती माझ्या मांडीवर होती. मामा म्हणाला कापड काढू नको, अक्का. मी काढलं. हे त्यांनी कुणाला, देवालाही सांगितलं नव्हतं. मग हळूहळू सांगत गेल्या, शब्द शोधत, जणू अंधाऱ्या फडताळातून हातानं चाचपून एकेक वस्तू बाहेर काढत होत्या.

“केस लय हुतं. काळंभोर, कपाळापातूर आल्यालं. नाक तुजं. व्हट बारीक, मिटल्यालं, काय तरी चाखून गप बसल्यागत. रंग जयराजचा, सावळा. बोटं लांब हुती, नखं आल्याली. उजव्या कानाची पाळी जरा दुमडल्याली, मी बोटानं सरळ केली तर ऱ्हाईना, परत दुमडली. लय मऊ हुती. आन ऊन येत हुतं गाडीत, तिच्या तोंडावर. मी पदर आडवा धरला.”

“पदर धरलात?” शिवांजलीनं विचारलं.

“व्हय. ऊन लागंल म्हनून.”

शिवांजली रडली ती तेव्हा. तिला रडताना हरणाबाई पहिल्यांदा बघत होत्या. तो आवाज मोठा होता, वेडावाकडा होता, खालच्या मजल्यापर्यंत गेला असेल. हरणाबाईंचा हात सवयीनं तिच्या गालाकडे गेला, डोळे पुसायला, आणि त्यांनी तो मागे घेतला. तिला रडू दिलं. जयराज केव्हातरी सोफ्यावरून उतरून समोर येऊन बसला होता. त्यानं कुठला कान म्हणालीस, एवढंच विचारलं.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. बाटली एका दिवसात गेली नाही. जयराज पंधरा दिवस बायकोशी धड बोलला नाही, मग रजा काढून तिला मिरजेला एका डॉक्टरीणबाईंकडे न्यायला लागला. मधे एकदा शिवांजली साताऱ्याला माहेरी निघून गेली, ती परत येते की नाही असं वाटत होतं, तीन आठवड्यांनी आली. एका शनिवारी पुन्हा सांडलं. हरणाबाईंनी ते पाहिलं आणि त्या आपल्या खोलीत जाऊन बसल्या, हात मांडीखाली दाबून, कारण हात उठत होते. संध्याकाळी शिवांजलीनंच ते पुसलं. तिला नीट जमलं नाही. तिनं चोळलं.

पण आठवड्यातून एकदा तरी, चार वाजायच्या सुमाराला, ती येऊन सासूजवळ बसते आणि म्हणते, सांगा ना. हरणाबाई हातातलं काम बाजूला ठेवतात आणि सांगतात. केस कपाळापर्यंत आलेले, नाक आईचं, रंग बापाचा, नखं आलेली, उजव्या कानाची पाळी दुमडलेली. त्यात त्या आपल्या पदरचा एक शब्द घालत नाहीत, आणि एकही गाळत नाहीत.